खिडकीतली एकुलती मिरची

माझी बायको रूपजान मार्चमध्ये गेली. त्याआधी जानेवारीत तिने दह्याच्या चार रिकाम्या डब्यांत नागा मिरचीच्या चार बिया टोचल्या होत्या आणि डबे गरम पाण्याच्या बॉयलरच्या कपाटात, टॉवेलांच्या वरच्या फळीवर ठेवले होते. दर वर्षी ती असंच करायची, यंदा आजारपणामुळे चारच डबे झाले. इंग्लंडातल्या या ओल्डहॅममध्ये जानेवारीत बाहेर काही उगवत नाही, पण त्या कपाटात उगवतं. ती हॉस्पिटलमध्ये होती तेव्हा मी रोज कपाट उघडून बघायचो आणि तिला जाऊन सांगायचो. "दोन वर आली." मग, "चारही आली." ती म्हणाली, "आता खिडकीत काढा. अंधारात नुसती लांबत जातील." हे तिचं माझ्याशी शेवटचं नीट बोलणं. त्यानंतर तोंडात नळी घातली.

चारांतली तीन रोपं मी मारली. एकाला पाणी जास्त झालं आणि ते मुळाशी कुजलं. दुसरं मे महिन्यात ऊन पडलं म्हणून मागच्या अंगणात ठेवलं, तर गोगलगायींनी ते देठाशी कातरलं. तिसरं खिडकी लावताना माझ्याच हाताने मोडलं. एक राहिलं.

पण राखून ठेवलेल्या बिया गेल्या त्या त्याच्याही आधी, आणि त्या कशा गेल्या ते मला आधी सांगितलं पाहिजे.

चाळिसाव्या दिवसाच्या आत मेलेल्या माणसाचे कपडे वाटून टाकायचे, ही आमच्याकडची रीत. माझी मुलगी रुशना ल्यूटनहून आली होती. तिने कपड्यांचं कपाट रिकामं केलं, मोठ्या पिशव्या भरल्या आणि मला विचारलं, "अब्बा, काही ठेवायचंय?" मी जिन्यात उभा होतो. वर गेलो नाही. म्हणालो, "नको. सगळं दे." पिशव्या मशिदीत गेल्या, तिथून गरीब देशांकडे जाणाऱ्या कंटेनरमध्ये.

एप्रिलमध्ये हावारुन आली. चार घरं सोडून राहतो तो सोनाफर अली माझा जुना सोबती, आम्ही तीस वर्षं एकाच रेस्टॉरंटच्या किचनमध्ये काम केलं. त्याची ही बायको. रूपजान दर वसंतात गल्लीतल्या सगळ्या बायकांना रोपं द्यायची, म्हणून कुणी कधी बी धरून ठेवलं नव्हतं. हावारुन म्हणाली, "भाईसाब, यंदा रोप नसेल तर नसू दे. दोन बिया द्या. त्या हिरव्या सुती साडीच्या पदराला गाठ मारून ठेवायच्या ना भाबी, त्यातल्या."

मी म्हणालो, "शोधतो."

दुसऱ्या दिवशी मशिदीत जाऊन विचारलं. कंटेनर नऊ दिवसांपूर्वीच गेला होता. मी घरी आलो. ही गोष्ट मी कुणाला सांगितली नाही, रुशनालाही नाही.

ही नागा रूपजानच्या माहेरची, बांगलादेशातल्या सिलेटकडची. एक्याऐंशी साली ती इकडे यायला निघाली तेव्हा तिच्या आईने बिया तिच्या पदरातच बांधून दिल्या होत्या. बाजारात मिळते ती नागा आधी तिखट लागते. हिचा आधी वास येतो. गरम भाताशेजारी कापून ठेवली की पलीकडच्या खोलीतल्या माणसाला भूक लागते. तिखट मग लागतं, आणि ते लागल्यावर माणूस दुसरं काही बोलत नाही.

तर आता त्या बियांमधलं जगात एकच झाड होतं आणि ते माझ्या मागच्या खोलीच्या खिडकीत होतं.

तो उन्हाळा वाईट गेला. जुलैत एकोणीस दिवस पाऊस झाला. दिवसा चौदा अंश, सकाळी नऊ. झाडाला फुलं यायची, दोन दिवस टिकायची आणि देठासकट गळायची. मी रोज सकाळी फळीवर पडलेली फुलं वेचायचो. माव्याने शेंडा धरला तेव्हा साबणाच्या पाण्याने एकेक पान पुसलं. खिडकी उघडली तर थंडी आत येते, नाही उघडली तर मधमाशी येत नाही. म्हणून कान कोरायची कापसाची काडी घेऊन मी या फुलातून त्या फुलात फिरवायचो.

सोनाफरने एकदा ते पाहिलं. दारातच थांबला.

"काय रे, म्हातारपणी मधमाशी झालास?"

"चहा हवा असेल तर आत ये, नाहीतर जा."

"नाही, मी बघतो. मध कधी देणार आहेस?"

तो हसला, मग माझ्याकडे बघून हसायचा थांबला आणि स्वतःच किटली लावायला गेला.

ऑगस्टमध्ये मी हीटिंग लावलं. तेवीस ऑगस्टला एक फूल गळलं नाही. त्याच्या पाकळ्या वाळल्या आणि मधे हिरवा मणी राहिला. मी मोजून दहा दिवस त्या खोलीत खिडकी उघडली नाही. मणी बोराएवढा झाला, मग अंगठ्याएवढा. सप्टेंबर संपला तेव्हा ती खडबडीत सालीची, हिरवीगार, पुरी वाढलेली मिरची होती. दुसरी धरली नाही. पण हिरव्या मिरचीचं बी उगवत नाही. ती झाडावर लाल व्हायला हवी होती, आणि नागा लाल व्हायला फार वेळ घेते.

ऑक्टोबरच्या एकोणीस तारखेला सुरुक मिया आले. रूपजानचे थोरले भाऊ, वय अठ्ठ्याहत्तर. सिलेटमधल्या जगन्नाथपूरकडच्या गावातून ते जन्मात पहिल्यांदा बाहेर पडले होते, बहिणीच्या कबरीवर दुवा मागायला. तीन आठवडे राहणार होते. मी त्यांना कबरस्तानात नेलं. वारा इतका होता की त्यांची टोपी दोनदा उडाली. येताना गाडीत ते म्हणाले, "तिला इथे थंडी वाजत असेल."

घरी येऊन त्यांनी खोल्या पाहिल्या. मागच्या खोलीत खिडकीसमोर ते थांबले. वाकले. मिरचीला हात न लावता नाक जवळ नेलं.

"ही आमच्या आईची."

"हो, भाईसाब."

"तिकडे राहिली नाही, तुला सांगतो. पुराचं पाणी घरात छातीपर्यंत होतं. मागच्या अंगणातलं काही राहिलं नाही. बियांची मडकी पण गेली. आता बाजारातून आणतो ती..." त्यांनी हात हलवला. "बिया आहेत ना? रूपजानने ठेवल्या असतील."

मी म्हणालो, "आहेत."

"मग जाताना चार दे. परत लावतो. आईचं झाड आहे रे, ते अंगणात हवं."

"देतो ना."

तेवढंच बोलणं झालं. खरं सांगायला किती वेळ लागला असता? पण काय सांगणार होतो, की तुमच्या बहिणीचे कपडे मी एक घडीही न उघडता देऊन टाकले? तिच्या भावाला? ते दिवाणखान्यात गेले आणि मी खिडकीपाशी उभा राहून दिवस मोजले. नऊ नोव्हेंबरला त्यांचं विमान होतं. एकवीस दिवस. तोवर मिरची लाल झाली तर त्यातल्याच बिया सुकवून देता येतील, आणि कुणाला काही कळणार नाही.

मी हीटिंग वाढवलं. खिडकीत टेबलावरचा दिवा आणून लावला. बाहेर पाच-साडेपाचला अंधारून यायचं आणि सकाळी सातपर्यंत उजाडायचं नाही. रोज फजरच्या नमाजानंतर मी मिरची बघायचो. हिरवी. दुसऱ्या दिवशी हिरवी. भाईसाब स्वेटर काढून बनियनवर बसायचे.

"असकिर, हे विलायत आहे की चैत्रातलं सिलेट? मी इथे थंडी बघायला आलो होतो."

"तुम्हाला खोकला आहे म्हणून."

"खोकला मला आहे, शेकतोयस तू झाडाला. माझ्याशी खोटं बोलू नकोस."

मी वळून पाहिलं. पण ते हसत होते.

मला जेवण जात नव्हतं. भाईसाब बघायचे, बोलायचे नाहीत. चौदाव्या दिवशी, शुक्रवारी, मिरचीच्या खांद्यावर, देठाच्या जरा खाली, एक रेघ दिसली. तांबूस. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. होती. अजून आठवडा हातात होता. आठवड्यात होईल, नक्की होईल, असं म्हणत मी जुम्म्याच्या नमाजाला गेलो. भाईसाबांचा खोकला वाढला होता, म्हणून ते घरीच थांबले.

परत येऊन दार उघडलं आणि वास आला.

आठ महिने हा वास घरात नव्हता. पहिल्या क्षणी मनात जे आलं ते मी लिहीत नाही. दुसऱ्या क्षणी मी बूट न काढताच आत धावलो.

भाईसाबांनी शुटकी रांधली होती, सुकी मासळी, वांगं घालून. भात वाफाळत होता. दोन ताटं मांडली होती, आणि दोन्ही ताटांत अर्धी अर्धी, उभी कापलेली मिरची.

"ये, बस," ते म्हणाले. "दोन आठवडे बघतोय, नुसता भात चिवडतोस. म्हटलं आज तुला तिच्या हातचं नाही तरी तिच्या मिरचीने तरी जेवू घालावं. बिया आहेत म्हणालास, मग एका मिरचीचं काय राखायचं?"

त्यांनी आपल्या ताटातली अर्धी भाताशी दाबली, घास केला आणि उचलला. मी त्यांचं मनगट धरलं.

बायकोचा थोरला भाऊ, पाहुणा, अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, त्याचा तोंडाकडे चाललेला घास मी हवेत धरून ठेवला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हात सोडला नाही.

"भाईसाब, खाऊ नका."

"वेडा झालास?"

"बिया नाहीत."

"काय?"

"घरात बिया नाहीत. ह्याच होत्या. ह्या मिरचीत होत्या तेवढ्याच."

मग मी सगळं सांगितलं. साडी, गाठ, पिशव्या, कंटेनर. उभ्याउभ्या सांगितलं, बूट घालून. ते घास हातात धरून ऐकत होते. शुटकीचा रस त्यांच्या कोपरापर्यंत ओघळला.

"पदर उघडून पाहिला नाहीस?"

"हात लागला नाही, भाईसाब. तिच्या कपड्यांना हात लागला नाही माझा."

"आणि मला पहिल्या दिवशी सांगायला तोंड नव्हतं?"

त्यांनी घास ताटात ठेवला, उठून सिंकमध्ये हात धुतले आणि जिना चढून वर गेले. वर बॅग ओढल्याचा आवाज आला. मला वाटलं, हे आता सोनाफरकडे जाऊन राहणार आणि उद्या सगळ्या गल्लीला कळणार. मी जिन्याखाली जाऊन उभा राहिलो.

ते खाली आले ते बॅगेतला दुसरा चष्मा घेऊन, बारीक बघायचा.

"तो दिवा इकडे आण. आणि बूट काढ, घरात आहेस."

आम्ही दोन्ही ताटांतला भात चिवडून बिया वेचल्या. एकतीस निघाल्या. बहुतेक पांढऱ्या आणि मऊ, दाबलं की चपट्या होणाऱ्या. सहा जरा पिवळट होत्या, त्या तांबूस रेघेच्या बाजूच्या. भाईसाबांनी त्या वेगळ्या काढल्या. मग सवयीने डोळा चोळला.

पुढची वीस मिनिटं मी त्यांचं डोकं नळाखाली धरून होतो. ते सिलेटीत देवाला, मला आणि मिरचीला शिव्या देत होते. त्यात मधेच म्हणाले, "खरी आहे रे. आईचीच आहे."

सहा बिया ओल्या कागदात गुंडाळून बॉयलरच्या कपाटात ठेवल्या. पंचवीस दुसऱ्या कागदात.

संध्याकाळी ते डोळ्यावर ओला रुमाल धरून मागच्या खोलीत आले. मी झाडाची कुंडी उचलत होतो.

"कुठे नेतोस?"

"बाहेर टाकतो. नोव्हेंबर लागला. इथे सगळे आत्ताच टाकतात."

"का?"

"थंडीत जगत नाही."

"बाहेर जगत नसेल. हे घरात आहे ना?"

"उजेड नाही, भाईसाब. पानं गळतात, मावा पडतो. कुणाचंही राहत नाही."

"कुणी ठेवून पाहिलंय?"

मी आठवून पाहिलं. रूपजाननेही कधी ठेवलं नव्हतं. तिच्याकडे बिया होत्या, तिला गरज पडली नव्हती.

"तुम्ही इथे झाडाला पण सहा महिन्यांचाच व्हिसा देता काय?" ते म्हणाले. "आईचं एक झाड सात वर्षं होतं. ती पौषात कापायची. सगळं. एवढं ठेवायची." त्यांनी वीत दाखवली. "मग ते झोपायचं. फाल्गुनात उठायचं."

"तिकडचा पौष आणि इकडचा..."

"माहीत आहे. तुझ्याकडे दुसरं काही आहे का?"

दुसरं काही नव्हतं. पण झाड हिरवं होतं. शेंड्याला दोन कळ्या होत्या. न कापता ठेवलं तर एखादी धरेलही, असं मी म्हणालो.

"धरेल आणि गळेल. उन्हाळ्यात किती गळाली ते तूच सांगितलंस. पानं आहेत तोवर ते पानांना पोसणार, आणि इथल्या अंधारात पोसता पोसता मरणार. काप."

मी कात्री त्यांच्यापुढे केली. त्यांनी घेतली नाही.

"तूच काप. मी एकदा कापून बसलोय."

मी कापलं. आधी कळ्या, मग फांद्या, मग खोड. कुंडीत वीतभर काटकी राहिली. रूपजानच्या झाडाचं मी हे काय केलं, असं वाटलं. भाईसाब म्हणाले, "बरोबर आहे," आणि कापलेल्या फांद्या कागदात गुंडाळून टाकायला घेऊन गेले.

नऊ तारखेला मँचेस्टरच्या विमानतळावर त्यांनी मला मिठी मारली. बियांचं नाव काढलं नाही. "झाडाचं कळव," म्हणाले.

तिसऱ्या आठवड्यात कागद उघडले. पंचवीस कुजल्या होत्या. सहांपैकी चार कुजल्या होत्या, दोन तशाच होत्या. त्या दोन आणखी तीन आठवडे ठेवल्या. मग त्याही बुळबुळीत झाल्या. मी त्या मागच्या अंगणात पुरल्या आणि त्याच दिवशी हावारुनकडे गेलो. साडीचं सगळं सांगितलं.

"मला एप्रिलमध्येच कळलं होतं," ती म्हणाली. "शोधतो म्हणालात तेव्हा तुमचं तोंड पाहिलं. बसा, चहा घ्या."

डिसेंबरात काटकीचा वरचा काप काळा पडला. मी भाईसाबांना फोन लावला.

"पाणी देतोस?"

"रोज थोडं."

"रोज? अरे, झोपलेल्या माणसाच्या तोंडात रोज पाणी ओततोस? बंद कर. माती बोटाला कोरडी लागली तरी आठ दिवस थांब."

"सुकून मेलं तर?"

"भिजून लवकर मरेल. आणि काळं दिसेल तिथून खाली काप. हिरवं लागेपर्यंत."

एक बोट खाली कापलं. आत तपकिरी. आणखी एक बोट. तिथे कडेला हिरवट कडं दिसलं. मी थांबलो. आठ दिवसांनी तोही काप काळा झाला होता. पुन्हा कापलं. असं कापत कापत वीत होती ती चार बोटं झाली. रुशना फोनवर म्हणाली, "अब्बा, काटकीसाठी तुम्ही घर सोडून माझ्याकडे राहायला येत नाही?" मी म्हणालो, "हो." दुसऱ्या दिवशी तिने माझ्यासाठी एक जांभळा दिवा पाठवला, रोपांसाठी असतो तसला. मी तो लावला. गल्लीतून जाणारे लोक खिडकीकडे बघायचे. सोनाफर म्हणाला, "लोक विचारतात, असकिरने काय धंदा सुरू केलाय? मी सांगतो, नाच-गाण्याचा."

जानेवारीत काळं आणखी खाली आलं. चाराची तीन बोटं. रोज सकाळी नमाज झाला की मी खोलीच्या दारापर्यंत जायचो आणि आत जायला वेळ लावायचो. बावीस तारखेला पुन्हा काप काळा. आता तीन बोटांतून आणखी कापलं तर मातीजवळ येणार होतो. तिथे खाली काही नव्हतं, मुळंच.

मी कात्री गॅसच्या जाळावर धरली, थंड होऊ दिली आणि कापलं. दोन बोटं राहिली. काप पाहिला. पूर्ण वर्तुळ हिरवं होतं, ओलसर, मधे पांढरं. मेणबत्ती पेटवून त्यावर मेणाचा थेंब सोडला. मग खुर्ची ओढून बसलो.

आठ दिवसांनी मेणाखाली काळं नव्हतं. पंधरा दिवसांनीही नव्हतं. पाणी मी चमच्याने दिलं, दोनदा.

फेब्रुवारीच्या बारा तारखेला बाहेर बर्फ पडत होता. जुन्या पानाच्या खुणेवर, मातीपासून बोटभर वर, काहीतरी होतं. मोहरीएवढं. मला वाटलं मावा असेल. बोटाने उडवायला गेलो आणि हात मागे घेतला. चष्मा आणला. मावा नव्हता, झाडाचा नवा डोळा फुटत होता.

मी फोन केला नाही. उन्हाळ्यातली फुलं डोळ्यांसमोर होती. रोज बघत राहिलो, हात न लावता. नवव्या दिवशी तो उमलला आणि दोन पानं झाली, तांदळाएवढी, कडेला सुरकुतलेली. तेव्हा भाईसाबांना फोन लावला. तिकडे दुपार होती. मागे कोंबड्या ओरडत होत्या.

"भाईसाब, फुटलं."

त्यांनी कोंबड्यांना हुसकावलं. त्यांना ऐकू गेलं की नाही, कळेना.

"भाईसाब?"

"ऐकतोय. कुठल्या बाजूला फुटलं?"

"खिडकीकडच्या."

"मग कुंडी फिरवू नकोस. तसंच राहू दे."

"नाही फिरवत."

"आणि असकिर, जेवलास का?"

"अजून नाही."

"मग जेव. फोन ठेव आणि जेव."

मी फोन ठेवला, भात लावला आणि तो शिजेपर्यंत मागच्या खोलीत जाऊन बसलो.